तोंडी बदल चालणार नाही

मित्रांनो, मी एक फाळ आहे, पण जमिनीत मी कधीच गेलेलो नाही. मी सागवानाचा आहे. पूर्णा जंक्शनच्या पलीकडे, रुळांच्या कडेला, बसवंतराव शेटजींचा नांगरांचा कारखाना आहे. तिथे ओतला जाणारा लोखंडाचा प्रत्येक फाळ माझ्यावरून घेतला जातो. मला वाळूच्या पेटीत ठेवतात, भोवती वाळू घट्ट ठोकतात आणि मग मला अलगद उचलून घेतात. मी निघून गेलो की माझ्या आकाराची रिकामी जागा वाळूत उरते. त्या जागेत वितळलेले लोखंड येऊन बसते आणि निवते. म्हणून कारखान्यात मला नमुना म्हणतात.

माझी गोष्ट मी एका साध्या दिवसापासून सुरू करतो. चैत्राचे दिवस होते. दूर कुठेतरी मोठी लढाई चालू होती, त्यामुळे लोखंडाची टंचाई होती. तरीही त्या दिवशी कारखान्यात कुणाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. सटवाजी ओतारी याने सकाळीच वाळूची पेटी फोडून एक नवा फाळ बाहेर काढला होता. एकच. आमच्याकडे बदललेला फाळ आधी एकटाच, छोट्या भट्टीत लाकडी कोळशावर ओततात. तो अजून इतका गरम होता की, सटवाजी त्याला गोणपाटात धरून, या हातातून त्या हातात नाचवत दारापर्यंत पळत गेला.

दाराशी आमचा म्हातारा उभा असतो. म्हातारा म्हणजे या कारखान्यातून निघालेला पहिला नांगर. नवा फाळ कितीही चांगला असो, तो आधी म्हाताऱ्याला बसला पाहिजे, अशी आप्पांची सक्त ताकीद होती. आप्पा म्हणजे वीरुपाक्षआप्पा, मला घडवणारे मिस्तरी.

सटवाजीने फाळ लावला, बोल्ट घातला, पिळला.

"बसला!"

"आता उलटा कर," आप्पा म्हणाले.

सटवाजीने फाळ काढला, त्याची मागची बाजू पुढे केली आणि दुसऱ्या भोकात बोल्ट घातला.

"बसला! आप्पा, उलटाबी बसला हो!"

तो एवढ्या मोठ्याने ओरडला की, बाजूच्या रुळावर थांबलेल्या मालगाडीच्या गार्डाने डोके बाहेर काढून पाहिले. आप्पांची मुलगी मल्लम्मा मेणाने माखलेले हात घेऊन आतून धावत आली. म्हाताऱ्याच्या तोंडी उलटा बसलेला फाळ तिने पाहिला. मग तिने आप्पांकडे पाहिले आणि आप्पांनी तिच्याकडे. लगेच दोघेही दुसरीकडे पाहू लागले. त्या घराची ती रीतच होती.

"उद्या झरीला जायचं," आप्पा म्हणाले. "शेतात चालला तर खरा."

संध्याकाळी त्यांनी मला जवसाच्या तेलाने पुसले आणि आपल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळले. फाळाची परीक्षा असली की नमुनाही शेतात जातो. मी आतल्या आत उड्या मारत होतो. गाठ मारता मारता आप्पा म्हणाले, "मल्लम्मा, पहिली गाडी आहे. लवकर उठव मला."

"उठवते," ती म्हणाली.

तो दिवस एवढाच. त्या दिवशी सगळे एवढे आनंदात का होते, हे कळायला तुम्हाला माझे आधीचे आयुष्य ऐकावे लागेल. मग आपण पुन्हा त्या गाठोड्याकडे येऊ.

माझे लाकूड किनवटच्या जंगलातले. आप्पा मूळचे चारठाण्याचे. त्यांच्या वडिलांचे तिथे किराणा दुकान होते. पण मुलाचे लक्ष तागडीत कमी आणि गावातल्या जुन्या देवळांच्या खांबांवर जास्त. त्या खांबांवरची नक्षी हाताने चाचपत ते वाढले आणि शेवटी तागडी सोडून रंधा धरला. त्यांनी मला तासले तेव्हा मी त्यांच्या मांडीवर होतो. लोखंड थंड होताना अंग चोरते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून माझ्यावरून जी लेकरे होणार होती, त्यांच्यापेक्षा त्यांनी मला जराशी मोठी अंगकाठी दिली. मित्रांनो, मी थोडा मोठा नसतो तर माझी लेकरे छोटी पडली असती. ही गोष्ट मला फार आवडते.

काय दिवस होते ते! माझे फाळ जिंतूरला गेले, वसमतला गेले, गंगाखेडच्या काळ्या जमिनीत गेले. शेतकरी यायचे, मला हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "ह्योच का तो? लाकडाचा हाय की!" मी फळीवर बसून फुगून जायचो.

पण फाळ एकदा केला आणि झाले, असे कधी नसते. कुणाची जमीन चिकट, कुणाची मुरमाड. कुणाचे बैल थोराड, कुणाचे लहान. दर हंगामात कुणी ना कुणी काहीतरी बदलायला सांगायचे. कुणी भेटेल त्याला सांगायचे. कुणी गाडीवाल्याकडे निरोप द्यायचे. आणि अशाच एका निरोपातून ती चूक झाली.

झरीच्या तानुबाई बांधावर उभे राहून स्वतःची शेती स्वतः करवून घेत. त्यांनी निरोप धाडला, "नांगराचं तोंड लय जाड हाय. बारीक करा." आप्पा तेव्हा लाकूड आणायला गेले होते. निरोप मिळाला सटवाजीला. आता ओताऱ्याच्या भाषेत तोंड म्हणजे काय? वाळूच्या पेटीत ज्या वाटेने तापलेले लोखंड ओततात, ती वाट. सटवाजी इमानदार माणूस. गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून त्याने ती वाट बारीक केली. मग व्हायचे तेच झाले. लोखंड आत पोचता पोचताच निवू लागले. बाहेरून फाळ ठीक दिसत होते, पण आत थर नीट जुळलेच नव्हते.

काही दिवसांनी तानुबाई दारात उभ्या. डोक्यावर टोपले. त्यांनी ते म्हाताऱ्याच्या पायाशी उपडे केले. आत फाळांचे तुकडे.

"कुठं हाय तुमचा मिस्तरी? हे बघा तुमचे फाळ. म्हशीला भरडा करून घालू का?"

"बाई, तुमीच तर सांगावा धाडला," सटवाजी म्हणाला. "तोंड बारीक करा म्हणून. केलं की बारीक!"

"कुठं केलंस? दाखीव."

सटवाजीने मोठ्या अभिमानाने पेटीतली ओतायची वाट दाखवली. "हे काय. तोंड."

तानुबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं मेल्या, ते तुझं तोंड! मी नांगराच्या तोंडाचं म्हनायलेय! ह्ये, ह्ये टोक! जमिनीत घुसतंय ते!"

"मग टोक म्हनायचं न्हाई का?"

"आमी तोंडच म्हनतो. आमचा आज्जाबी तोंडच म्हनायचा. तुझ्या भट्टीसाठी आता आज्जाला शिकवू का?"

आप्पा मागे उभे राहून ऐकत होते. ते आधी इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. मग त्यांनी एक तुकडा हातात घेतला, मोडलेली बाजू अंगठ्याने चाचपली आणि त्यांचे हसू गेले. त्या तुकड्यामागे कुणाची तरी अर्धवट राहिलेली नांगरट होती.

"चूक सटवाजीची नाही आणि तानुबाई, तुमचीही नाही," ते म्हणाले. "शब्द एक आणि वस्तू दोन. आजपासून या कारखान्यात तोंडी बदल चालणार नाही."

"मग काय मुक्यानं सांगावं?"

"खडूनं सांगा." आप्पांनी मला त्यांच्या हातात दिले. "हा नमुना घ्या. जिथं बदल पाहिजे तिथं रेघ मारा."

तानुबाईंनी माझ्या टोकावर रेघ मारली. मला गुदगुल्या झाल्या.

त्या दिवसापासून कारखान्याची रीत ठरली. बदल मागणाऱ्याने झिजलेला किंवा मोडलेला फाळ घेऊन यायचे आणि खडूने माझ्यावर रेघ मारायची. मग आप्पा मला तासायचे किंवा मेणाने भरायचे आणि त्यावरून एकटा फाळ ओतायचे. तो म्हाताऱ्याला बसला तरच पुढे जायचा. कारण म्हाताऱ्याच्या पिढीचे नांगर गावोगाव चालत होते. उद्या त्यांना फाळ लागला आणि आमचा नवा फाळ त्यांना बसला नाही, तर तो शेतकरी कुठे जाणार? म्हाताऱ्यानंतर परीक्षा शेतात. आणि शेवटी, शेतात फाळ नीट चालला, की मागणाऱ्याने माझ्यावर हात ठेवून चारचौघांत म्हणायचे, "हेच मागितलं होतं." असे म्हटल्यावरच आप्पा माझ्या पाठीवर एक छोटा पितळी खिळा ठोकायचे. खिळा म्हणजे बदल पक्का. मग जुन्या धाटणीचे कारखान्यात उरलेले फाळ भट्टीत जायचे, म्हणजे चुकूनही कुणाच्या हाती लागायचे नाहीत.

ही शेवटची अट ऐकून तानुबाई म्हणाल्या होत्या, "म्हंजी अखेरीला तोंडच लागतंय की!"

"अखेरीला लागतं," आप्पा म्हणाले. "आधी नाही."

हळूहळू माझी पाठ पितळेने चमकू लागली. प्रत्येक खिळ्याला एक गाव आहे. झरीचा खिळा टोकाजवळ आहे, वसमतचा बुडाशी. खिळा ठोकताना थोडे दुखते, पण मला त्याचा अभिमान वाटे.

मल्लम्मा आली ती याच काळात. तिचे लग्न होऊन ती सासरी गेली होती, पण नवरा तापाने गेला आणि ती एक ट्रंक घेऊन माहेरी परत आली. ट्रंकेत लुगडी कमी आणि पुस्तके जास्त होती, मराठी आणि उर्दूही. नातेवाईक जमले. कुणी म्हणाले, चारठाण्याला आत्याकडे ठेवा, म्हातारीला सोबत होईल. कुणी म्हणाले, आता पुस्तके कशाला? मल्लम्मा ट्रंक आवरत राहिली. ती आप्पांना डबा द्यायला कारखान्यात आली की माझ्यावरचे खिळे बोटाने चाचपत उभी राहायची, एवढेच.

एका सकाळी आप्पांनी आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला. तिच्यापुढे मेणाचा गोळा ठेवला आणि मला ठेवले.

"या आतल्या कोपऱ्यांत मेण भर, गोलसर. कोपरा तीक्ष्ण राहिला की लोखंड तिथंच तडकतं."

तिने दिवसभर मेण भरले. संध्याकाळी आप्पांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. तो कुठेच अडला नाही. मग ते कारखान्यातलेच वाक्य थट्टेने म्हणाले, "काय मल्लम्मा, हेच मागितलं होतंस ना?"

तिने काही मागितले नव्हते. तिने मान खाली घातली आणि पुढच्या कोपऱ्यात मेण भरू लागली. आप्पांनीही पुन्हा विचारले नाही. मित्रांनो, माझ्या पाठीवर त्या बदलाचा खिळा नाही.

ती फार लवकर शिकली. मेणाचे काम झाले, मग रंध्याचे, मग मापाचे. शेतकरी आधी बिचकायचे. नंतर तेच विचारू लागले, "अक्का हायेत का?" सटवाजी तिला मल्लाक्का म्हणायचा आणि तिने चूक दाखवली की म्हणायचा, "पुस्तकात वाचलं का हे?" ती म्हणायची, "नाही, तुझ्या फाळात वाचलं." मी फळीवरून हसायचो, पण लाकडाचे हसणे कुणाला ऐकू येणार?

मग लढाई सुरू झाली. रेल्वेचे मोडके ब्रेकचे ठोकळे वितळवून आमचे काम चालायचे, ते मिळेनासे झाले. मोठ्या भट्टीला लागणारा कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, तर त्याहून दुर्मिळ. शेटजींनी खटपट करून एक शेवटचा ढीग मिळवला आणि कोक एकदाच मोठी भट्टी पेटवण्यापुरता. लोखंड चुकले तर पुन्हा वितळवता आले असते, पण पुन्हा कोक कुठून आणणार? आणि तिकडे गावोगावचे फाळ झिजत होते.

त्या दिवसांत मल्लम्मा झिजून परत आलेल्या फाळांच्या ढिगापाशी बसलेली असायची. एकेक उचलायची, फिरवायची. फाळाचे फक्त टोक झिजते, मागचा भाग तसाच कोरा राहतो, आणि तरी सगळा फाळ टाकून द्यावा लागतो. एके दिवशी तिने खडू घेतला आणि माझ्यावर रेघ मारली. दोन्ही टोके सारखी. बोल्टाचे भोक बरोबर मध्ये. म्हणजे एक टोक झिजले की फाळ उलटा करायचा आणि दुसरे टोक वापरायचे. एका फाळात दोन फाळ!

संध्याकाळी आप्पांनी ती रेघ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग दाराशी गेले, म्हाताऱ्यापुढे उभे राहिले, परत आले आणि मधले भोक अंगठ्याने पुसून टाकले. भोक मध्ये गेले तर फाळ म्हाताऱ्याला बसला नसता. आप्पांनी जुने भोक जुन्याच जागी राहू दिले आणि दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर आणखी एक भोक काढले. आता फाळ कसाही लावा, जुन्या नांगराला बसणारच.

सकाळी मल्लम्माने दोन भोके पाहिली. तिचा चेहरा उजळला आणि लगेच कपाळाला आठी पडली. कारण बोल्ट एका भोकात बसला की दुसरे भोक रिकामे राहते आणि ते नेमके टोकाजवळ येते. जमिनीचा सगळा मार तिथेच. तिने काही न बोलता मेण घेतले आणि दोन्ही भोकांभोवती जाड कडी केली. दुपारी आप्पांनी कडीवर अंगठा फिरवला, मान हलवली आणि मेणाच्या जागी लाकूड बसवायला घेतले.

त्या दिवसांत दोघे एकमेकांशी चार शब्द बोलले नसतील. सगळे बोलणे माझ्या पाठीवर झाले. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात गडबडीचा आणि सगळ्यात सुंदर आठवडा होता.

त्या बदलाचा एकटा फाळ म्हणजेच तो, जो सटवाजीने गोणपाटात नाचवत दाराशी नेला. आता तुम्हाला कळले असेल, गार्डाला डोके बाहेर का काढावे लागले.

आता त्या गाठोड्याकडे येऊ. पहाटे मल्लम्माने आप्पांना हाक मारली. मी कोनाड्यात तयार होतो. तिने दुसऱ्यांदा हाक मारली, जरा हळू आवाजात. पहिली गाडी आली, थांबली आणि गेली. आप्पा उठले नाहीत.

त्यांच्या माणसांत देहाला बसवून माती देतात. आप्पांना मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन बसवले, असे मी सटवाजीच्या तोंडून ऐकले. त्यांच्यात सुतक मानत नाहीत. कारखान्यात लगेच माणसे येऊ-जाऊ लागली. मी मात्र गाठोड्यात तसाच राहिलो. त्या धोतराला तेलाचा आणि विभूतीचा वास होता. कोनाड्याच्या भिंतीवर लाकूड खाणाऱ्या उधईची माती चढू लागली होती आणि ती माझ्याकडे येत होती. मला हाक मारता येत नाही. लाकडाला जपायचे तर कुणाला तरी त्याची आठवण व्हावी लागते.

एका दुपारी गाठ सुटली. मल्लम्माने उधई झटकली, मला तेल लावले आणि आपल्या पाटासमोर ठेवले. शेजारचा पाट तिने हलवला नाही.

तेवढ्यात बसवंतराव शेटजी आत आले. ते वाईट मनुष्य नव्हते; काळजीने त्यांचा चेहरा उतरला होता.

"मल्लम्मा, उद्या भट्टी पेटवू. जिंतूरची माणसं येऊन बसलीत. नांगरटीचे दिवस निघून चालले."

"झरीला जाऊन आल्याशिवाय नाही, शेटजी."

"अगं, एकदाच पेटणार आहे भट्टी. आणखी थांबलो तर फाळ घेणार कोण? आप्पांनी स्वतः मला सांगितलं होतं, फाळ पक्का आहे म्हणून."

"कसं सांगितलं होतं?"

"कसं म्हणजे? इथंच उभं राहून. तोंडानं!"

सटवाजी खोकला. शेटजींच्या लक्षात आले. त्यांनी कपाळ चोळले.

"एकदाच पेटणार आहे म्हणूनच म्हणते," मल्लम्मा म्हणाली. "रिकामं भोक टोकाजवळ येतं. तिथं तुटला तर सगळा कोक गेला. आणि लोक म्हणतील, वीरुपाक्ष मिस्तरीच्या फाळानं दगा दिला. ते मला ऐकायचं नाही."

शेटजींनी खांद्यावरचे उपरणे सावरले. "बापाची लेक," ते म्हणाले. "जा. पण लवकर ये बाई."

आणि मित्रांनो, मी आगगाडीत बसलो! मल्लम्माच्या मांडीवर, खिडकीशी. समोर सटवाजी, त्याच्या पायाशी गोणपाटात तो फाळ, आणि कमरेला आप्पांची छोटी हातोडी. परभणीला उतरून पुढे बैलगाडी. उन्हाने जमीन भेगाळली होती. सटवाजी वाटेत म्हणाला, "मल्लाक्का, तुटला तर?"

"तुटला तर तुकडे घेऊन परत. पुन्हा खडू."

"अन् शेटजी?"

"त्यांना तुझ्या तोंडानं सांग."

दुःखातही तिला थट्टा सुचली, हे पाहून सटवाजीला बरे वाटले. मलाही.

तानुबाई बांधावरच उभ्या होत्या. त्यांना आप्पांचे कळले होते. त्यांनी मल्लम्माच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "आदुगर भाकर खा, पोरी. मग नांगर." झाडाखाली पिठलं-भाकर झाली. त्यांचा नांगर म्हाताऱ्याच्याच पिढीचा, दांडी घासून गुळगुळीत झालेला. सटवाजीने फाळ लावला. तानुबाईंच्या दिराने बैल जुंपले.

"मऊ जागी नको," मल्लम्मा म्हणाली. "तुमची सगळ्यात वाईट पट्टी दाखवा."

"ती तिकडं. तिनं माझे दोन फाळ खाल्लेत."

"तीच."

मला बांधावर दगडावर ठेवले होते. बैल निघाले. फाळ जमिनीत घुसला आणि काळी ढेकळे उलटी होऊ लागली. नांगराचे एक तास पडले, शेजारी दुसरे. सगळे नांगरामागे चालत होते, तानुबाईसुद्धा. मल्लम्मा वाकून फक्त टोकाकडे पाहत होती.

"आता उलटा," ती म्हणाली.

सटवाजीने बोल्ट सोडला. फाळ फिरवला. दुसऱ्या भोकात बोल्ट बसला. बैल पुन्हा निघाले. थोडे अंतर गेले आणि खणकन आवाज झाला! बैल अडखळले, नांगराची मूठ दिराच्या हातून सुटली. जमिनीत गाडलेला दगड.

"थांबा!"

सटवाजी गुडघ्यांवर बसून हाताने माती उकरू लागला. मल्लम्मा जिथे होती तिथेच उभी राहिली. माझा सगळा जीव त्या फाळात होता. तो माझ्यावरूनच घेतला होता ना! सटवाजीने नांगर कलता केला, फाळावरची माती पुसली, रिकाम्या भोकाभोवतीच्या कडीवर अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. अगदी आप्पांसारखा.

"मल्लाक्का," तो ओरडला, "चीरसुद्धा न्हाई! दगुड फुटला! फाळ न्हाई, दगुड फुटला!"

तानुबाईंनी फुटलेला दगड उचलून सगळ्यांना दाखवला, जणू त्यांनीच फोडला होता. दीर हसू लागला. बैलसुद्धा कान हलवू लागले. आता शेटजींची भट्टी पेटणार होती, जिंतूरची माणसे दुप्पट आयुष्याचे फाळ घेऊन जाणार होती आणि गावोगावच्या म्हाताऱ्या नांगरांना ते बसणार होते.

सटवाजीने मला दगडावरून उचलून आणले. खिशातून पितळी खिळा काढला, हातोडी सरसावली आणि थांबला.

"मल्लाक्का, मागनाऱ्यानं म्हनायचं आसतंय."

आजवर मागणारे शेतकरीच असत. या वेळी रेघ मल्लम्माने मारली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. बोटे खिळ्यांवर आली. ओठ हलले, पण शब्द निघाला नाही.

"म्हन की," तानुबाई म्हणाल्या. "का तुझंबी तोंड ह्या सटवाजीनं बारीक केलंय?"

सगळे हसले. मल्लम्माही हसली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, ती बोलेपर्यंत मी तुमच्याशी दोन शब्द बोलून घेतो. तुम्हीही मोठे होऊन काहीतरी घडवाल आणि घडवलेले बदलाल. जरूर बदला, त्यात फार मजा आहे. पण आधी नीट पाहा, कोण काय मागतो आहे आणि कशाला काय म्हणतो आहे. ज्या शेतात जुना नांगर अजून राबतो आहे, त्याला विसरू नका. माझ्यासारख्या जुन्या लाकडाला कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून तेल लावा. आणि कुणी न मागता तुमच्यासाठी काही बदलले असेल, एखादा पाट मांडला असेल, तर त्याने विचारल्यावर मान खाली घालून गप्प राहू नका.

मल्लम्माने समोर पाहिले. नांगरलेली माती उन्हात ओली, काळी दिसत होती. तशाच मातीत आप्पा बसले होते. तिचा हात माझ्या पाठीवर घट्ट झाला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"आप्पा, मी हेच मागितलं होतं."